जखमी मेंदूची पाठशाळा

इंग्लंडातील केंब्रिजशायर परगण्यात ईली नावाचे जे जुने कॅथीड्रलचे गाव आहे, तेथील इस्पितळाच्या आवारात १९९६ साली बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने मेंदूला इजा झालेल्यांसाठी एक केंद्र काढले आणि दुसऱ्या महायुद्धात मस्तकाला जखमा झालेल्या सैनिकांसाठी एडिंबरो येथे काम केलेल्या प्रोफेसर ऑलिव्हर झँगविल यांचे नाव त्याला दिले.

मेंदूच्या दुखापतीचे क्रौर्य असे की, ती ज्या इंद्रियाने ओळखावयाची, तेच तिने निकामी केलेले असते. मोटारीच्या अपघातात मस्तक एकाएकी थांबले म्हणजे मेंदू कवटीच्या खडबडीत तळावर घासतो, कपाळामागील व कानशिलांमागील भाग विशेषेकरून दुखावतात, आणि बेत आखणे, मनाला आवर घालणे, ध्यानात ठेवणे हा कारभार बहुतांशी त्यांच्याच अखत्यारीतला! हातपाय धडधाकट, भाषण सुसंगत. त्यामुळे घरच्यांना माणूस आळशी व चिडखोर झालासा वाटतो आणि त्याला स्वतःला पुष्कळदा काही बिघडल्याची वार्ताही नसते.

म्हणून या केंद्रात आलेला मनुष्य प्रथम विद्यार्थी होई. आपल्या मेंदूत कोठे इजा झाली, काय गेले, काय शाबूत आहे, आणि गेल्याची तजवीज कशी करावी, याचे दफ्तर तो तज्ज्ञांच्या साह्याने स्वतः तयार करी. नातलगांनाही हाच पाठ द्यावा लागे, आणि माझ्या मते तोच अधिक कठीण.

घोकंपट्टीने गेलेली स्मृती परत येते, यावर विल्सनबाईंचा विश्वास नाही. तिच्या जागी रोजनिशी, गजराचे घड्याळ असे मुनीम नेमावेत, हा त्यांचा शिरस्ता. मुलाच्या मस्तकाला इजा झाल्यावर कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने कमरेला अडकवावयाचा पेजर स्मरण देण्याच्या कामी लावला होता. तो बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४३ जणांवर पारखून २००१ साली निष्कर्ष छापले. १६ आठवड्यांची चाचणी पुरी करणाऱ्यांपैकी शेकडा ८० हून अधिक लोक औषधाची वेळ, ठरलेली भेट अशी नित्यकृत्ये अधिक नेमाने करू लागले, आणि विशेष हे की, पेजर परत घेतल्यावरही कित्येकांचा नेम सुटला नाही.

अर्थात् असा सर्वांगीण इलाज फार थोड्यांच्या वाट्यास येतो. बाकीच्यांसाठी इंग्लंडात १९७९ साली निघालेली ‘हेडवे’ ही संस्था व तिच्या ठिकठिकाणच्या शाखा आहेत. तेथे जखमी आणि त्यांचे आप्त एकत्र जमतात, माहिती घेतात, आणि आपली कैफियत प्रारंभापासून समजावून न सांगता बोलू शकतात.