बायबलमधील अन्नविचार

बेथलेहेम या हिब्रू नावाची फोड ‘भाकरीचे घर’ अशी होते. त्या गावी येशूचा जन्म झाला आणि बाळाला निजविले ते गुरांच्या गव्हाणीत. नाताळनिमित्त शेजारीपाजारी फराळाची ताटे फिरत असताना, ख्रिस्ती धर्मग्रंथ अन्नाविषयी काय सांगतो हे पाहणे उचित ठरेल. पंडिता रमाबाईंसारख्या संस्कृत विदुषीने मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून ज्याचे मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, तो ग्रंथ आम्हां कीर्तनकारांना परका वाटू नये.

‘उत्पत्ती’च्या आरंभी मनुष्याला बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळे एवढाच आहार नेमून दिला आहे. मांसाची मुभा मिळते ती जलप्रलयानंतर, तीही रक्त वर्ज्य करून. पुढे ‘लेवीय’ नामक पुस्तकात भक्ष्याभक्ष्याचे सविस्तर नियम येतात. खूर दुभंगलेला असून रवंथ करणारा पशू ग्राह्य. उंट व डुक्कर वर्ज्य. जलचरांपैकी पंख आणि खवले असलेलेच चालतात. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याला ही वाट ओळखीची वाटेल. ग्रामसूकर तेथेही वर्ज्यच आहे. अशा नियमांत आरोग्यशास्त्र शोधण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु ग्रंथ स्वतः कारण देतो ते पावित्र्याचे, प्रकृतीचे नव्हे.

दानीएलची कथाही तशीच. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदातून आणविलेल्या निवडक तरुणांना राजाच्या मुदपाकखान्यातील पक्वान्ने व मद्य मिळे. दानीएल आणि त्याचे तीन सोबती यांनी विटाळाच्या भयाने ते नाकारले. पोरे रोडावली तर राजा आपले शिर उडवील, ही कारभाऱ्याला धास्ती! तेव्हा दहा दिवस केवळ शाकान्न व पाणी देऊन पाहावे, असे ठरले. दहा दिवसांनी हेच चौघे अधिक टवटवीत दिसले. आहारतज्ज्ञांनी या कथेचे खुशाल कौतुक करावे; पण त्या तरुणांनी जपली ती निष्ठा, देहकांती मागाहून आली.

मिताहाराचा उपदेश मात्र स्पष्ट आहे. मध गोड खरा, पण सोसेल तितकाच खावा, नाहीतर ओकारी येईल, असे ‘नीतिसूत्रे’ बजावते. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मान्ना मिळे तो माणशी एक ओमर या मापाने. लोभाने साठविलेल्यात किडे पडत. अपवाद केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा.

परंतु अन्नावरून बायबलमधील खरा संताप पाहायचा असेल, तर पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र वाचावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात करिंथ नगरीत प्रभुभोजनासाठी मंडळी जमत. ज्यांच्यापाशी विपुल होते ते आपले अन्न आधीच उरकून मद्याने धुंद होत. ज्यांच्यापाशी काही नव्हते ते उपाशी राहत. देवळाच्या गावात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला याचे नाव शोधावे लागत नाही. आपण यालाच पंक्तिभेद म्हणतो. पानात काय वाढले होते, याची तेथे पौलाने चौकशीच केली नाही. गरिबांना लाजविता काय, असा खडा सवाल त्याने केला. जेवावयास एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, आणि ज्याला भूक आवरत नसेल त्याने घरीच जेवून यावे, असा दंडक त्याने त्या मंडळीस घालून दिला.