प्रवासाची मोटारसायकल: मागल्या बैठकीवरून

दूरच्या प्रवासाला मोटारसायकल घेऊन निघण्याची आवड तरुण मंडळींत अलीकडे फारच वाढली आहे. दसरा-दिवाळी जवळ आली कीं घरोघर हा विषय निघतो. घरांतला एखादा पुतण्या किंवा भाचा नुकताच नोकरीला लागलेला असतो, त्याला लडाख नाहीं तर निदान कोंकण तरी पाहावयाचें असतें, आणि दोन-अडीच लाखांची गाडी घेण्यापूर्वीं तो वडीलधाऱ्यांच्या कानांवर घालतो. वडील किंमत विचारतात, आई ‘जपून चालव रे बाबा’ म्हणते, आणि प्रश्न मिटतो. कोणती गाडी आणि तीच कां, याचा खल मात्र मुलें आपसांतच करतात. त्यांत अश्वशक्तीखेरीज दुसरें फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं. आमच्या मतें या खलांत घरांतील वडील मंडळींनींहि भाग घ्यावा. कारण गाडी लडाखला आयुष्यांत एकदां जाईल, कदाचित् जाणारहि नाहीं. उरलेले सर्व दिवस तिच्या मागल्या बैठकीवर घरांतलेंच कोणीतरी बसणार आहे.

आम्ही राहतों तें सिद्धेश्वर हिंगोली जिल्ह्यांत, पूर्णा नदीच्या धरणाकाठीं आहे. औंढा नागनाथ येथून जवळ. नागनाथापासून आरंभ करून परळी वैजनाथ, वेरूळचें घृष्णेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर अशीं महाराष्ट्रांत मानलीं जाणारीं पांचहि ज्योतिर्लिंगें मोटारसायकलवरून करणारे तरुण आतां पुष्कळ दिसतात. गाडीची परीक्षा पाहण्यास हा मार्ग उत्तम आहे. त्यांत लांब सरळ महामार्ग आहे, भीमाशंकराची चढण आहे, आणि आमच्याकडील काळ्या मातीवरचे रस्ते आहेत. या शेवटच्या रस्त्यांविषयीं पुण्या-मुंबईच्या वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर घातलेला रस्ता तिच्याबरोबरच वरखालीं होतो. डांबर शाबूत असतें, खड्डा म्हणून दाखवावा असा कोठें नसतो, तरी सारा रस्ता लाटालाटांचा होऊन बसतो. अशा रस्त्यावर गाडी हादरत नाहीं, डुलते. आणि तासा-दोन तासांनीं त्या डुलण्यानेंच पाठ धरते. कच्च्या वाटेवर सर पडून गेली तर हीच माती चाकाला थरावर थर चिकटत जाते, चाक व मडगार्ड यांमधील जागा बुजते, आणि उत्तम इंजिनाची गाडीहि जागच्या जागीं अडते.

घरांतल्या मुलांच्या व जुन्या विद्यार्थ्यांच्या कृपेनें आम्ही चार गाड्यांच्या मागें बसून या रस्त्यांवर हिंडलों आहों: रॉयल एन्फील्डची मिटीऑर ३५०, त्याच कारखान्याची हिमालयन ४५०, होंडाची हायनेस सीबी ३५० आणि बजाजची डॉमिनार ४००. यांपैकीं डॉमिनार आपल्या पुण्याजवळ चाकणला तयार होते. साठीनंतर स्वतः चालविण्याचें धाडस आम्हीं केलेलें नाहीं. म्हणून हातांच्या सुखदुःखाविषयीं चालविणाऱ्यांचें ऐकून लिहीत आहों, पाठीच्या सुखदुःखाविषयीं मात्र स्वानुभवानें. चौघींपैकीं एकीवर आमचे गुडघे इतके वर आले कीं पाऊण तासानंतर उतरतांना दुसऱ्याचा खांदा धरावा लागला. तिचें नांव येथें लिहीत नाहीं, कारण त्यांत दोष तिचा किती आणि आमच्या सांध्यांचा किती, हें ठरविणें कठीण आहे.

इंजिनापासून सुरुवात करूं. सिलिंडरांत दट्ट्या वरखालीं होतो आणि त्या हालचालीचें रूपांतर चाकाच्या फिरण्यांत होतें, एवढें शाळेंत सर्वांनीं वाचलेलें असतें. परंतु दट्ट्या अरुंद असून त्याची धांव लांब आहे, कीं दट्ट्या रुंद असून धांव आंखूड आहे, यावर गाडीचा सारा स्वभाव अवलंबून असतो. मिटीऑरच्या सिलिंडराचा व्यास ७२ मिलिमीटर आणि धांव ८५.८, होंडाचा व्यास ७० आणि धांव ९०.५. उलट डॉमिनारचा व्यास ८९ आणि धांव अवघी ६०. हिमालयन मधोमध आहे, ८४ आणि ८१.५. लांब धांवेचें इंजिन संथ फिरत असतांनाच जोर देतें. होंडाचा ३० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर मिनिटास ३००० फेऱ्यांवर मिळतो, मिटीऑरचा २७ चा ४००० वर. डॉमिनारचा ३५ चा जोर मिळावयास साडेसहा हजार फेऱ्या लागतात, हिमालयनच्या ४० ला साडेपांच हजार. याचा मागें बसणाऱ्यास काय उपयोग? फार मोठा आहे. गांवांतून जातांना गतिरोधक येतो, म्हैस आडवी येते, गाडी मंद होते. पहिल्या दोघी त्याच गियरमध्यें हळूच पुन्हां वेग धरतात. दुसऱ्या दोघींना गियर उतरवून इंजिन गरगर फिरवावें लागतें, आणि दर वेळीं मागच्याचें डोकें पुढच्याच्या पाठीवर आपटतें. महामार्गावर मात्र हें चित्र उलटतें. तेथें ताशीं शंभराच्या वेगानें तासच्या तास जावयाचें असेल तर सुमारें चाळीस अश्वशक्तीच्या डॉमिनारला व हिमालयनला श्रम पडत नाहींत. वीस-एकवीस अश्वशक्तीच्या मिटीऑरला आणि होंडाला तो वेग झेपतो, पण सुखाचा वाटत नाहीं. त्यांची खुषी ऐंशीच्या आसपास. आमची तर त्याहूनहि कमी वेगांत.

रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप राजा व सुदक्षिणा राणी एकाच रथांतून वसिष्ठांच्या आश्रमास निघतात. त्या रथाच्या मृदु व गंभीर आवाजाचा उल्लेख कालिदासास आवर्जून करावासा वाटला. जोडीनें प्रवास करणाऱ्यांस वाहनाचा आवाज किती महत्त्वाचा असतो हें त्या रसिकानें ओळखलें होतें. जुन्या बुलेटच्या ठोक्यांवर एक पिढीच्या पिढी लुब्ध झाली तीहि याच कारणानें. एन्फील्ड कंपनीची पहिली मोटारसायकल इंग्लंडांत १९०१ सालीं निघाली, ‘बुलेट’ हें नांव १९३२ सालचें. आपल्या सरकारनें ती सैन्यासाठीं निवडली आणि १९५५ सालीं मद्रासेस तिचा कारखाना उभा राहिला. ठोका गोड होता, पण त्याबरोबर येणारी थरथर पावलांपासून दातांपर्यंत जाई. २०२० सालीं मिटीऑरबरोबर आलेल्या नव्या इंजिनांत थरथर तोलून धरणारा एक जास्तीचा दांडा बसविलेला आहे. होंडांतहि अशी योजना आहे. ठोका राहिला आणि थरथर बरीचशी गेली, ही सुधारणा आम्हांस अश्वशक्तीपेक्षां मोलाची वाटते.

आतां चाकें. आमच्या लहानपणच्या बैलगाडीचें चाक एवढें मोठें कां असे? लहान चाक चाकोरींत व खळग्यांत शिरतें, मोठें चाक त्यावरून निघून जातें. हिमालयनचें पुढील चाक २१ इंची आहे, मिटीऑर व होंडाचें १९, डॉमिनारचें १७. शिवाय हिमालयनच्या दोन्ही चाकांस २०० मिलिमीटरपर्यंत वरखालीं होण्याची मुभा आहे, आणि जमिनीपासून तिचें पोट २३० मिलिमीटर उंच आहे. त्यामुळें आमच्याकडील लाटांच्या रस्त्यांवर तिच्यासारखी गाडी नाहीं, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. मुलें तिच्यावर पावलांच्या दांड्यांवर उभीं राहून खराब वाट पार करतात. अंगाचा भार पायांवर येतो आणि पाठ वांचते. मिटीऑरवर चालविणाऱ्याचे पाय पुढें पसरलेले असतात. आरामखुर्चीसारखी ही बैठक दिसण्यांत सुखाची; परंतु हिसका बसला कीं तो पायांनीं झेलतां येत नाहीं, थेट माकडहाडाला पोंचतो. गुळगुळीत रस्त्यावर आरामखुर्ची, खाचखळग्यांत शिक्षा.

मग हिमालयनच घ्यावी कीं काय? एकट्यानें जाणाऱ्यानें अवश्य घ्यावी. परंतु तिची बैठक जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच, मिटीऑरची ७६५. कागदावर हा फरक दोन-अडीच इंचांचा आहे. साठ वर्षांच्या बाईस नऊवारी किंवा पांचवारी सांवरीत चढावयाचें असलें म्हणजे तोच एका पायरीचा होतो. मागची बैठक तर त्याहूनहि वर असते. शिवाय वजन १९६ किलो, आणि तें उंचावर. चौकांत गाडी उभी असतां मागचें माणूस जरा कलतें झालें तर ठेंगण्या मुलास ती सांवरणें अवघड जातें. या दृष्टीनें १८१ किलोची होंडा आम्हांस सर्वांत शहाणी वाटली. मिटीऑरच्या कांहीं प्रकारांत मागच्यास पाठीचा टेकू येतो, २०२१ पासून डॉमिनारलाहि तो दिलेला आहे. टेकू असला म्हणजे मागच्याला पुढच्याचा सदरा मुठींत धरून बसावें लागत नाहीं.

विश्वासूपणाविषयीं मतभेद फार ऐकूं येतात, आणि त्याचें कारण या एका शब्दाचे दोन अर्थ होतात हें आहे. क्वचित् बिघडते ती गाडी विश्वासू, कीं बिघडली तरी कोठेंहि दुरुस्त होते ती? जुनी ओतीव लोखंडाची बुलेट वारंवार बिघडे, तेलहि गाळी; पण औंढ्याचा काय, कोणत्याहि बाजाराच्या गांवचा मिस्त्री कानशीनें पॉइंट घांसून तिला चालती करी. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे सहाव्या टप्प्याचे नियम लागू झाले, कार्बोरेटर गेला, इंधन विजेच्या हिशेबानें फवारलें जाऊं लागलें. नव्या गाड्या क्वचितच रुसतात, पण रुसल्या म्हणजे त्यांच्याशीं बोलणारें यंत्र कंपनीच्या दुकानींच असतें. म्हणून गाडी घेतांना ती किती उत्तम यापेक्षां तिचें दुकान किती दूर हें आधीं पाहावें. बजाजचीं व एन्फील्डचीं दुकानें लहान शहरांपर्यंत पोंचलेलीं आहेत. होंडा आपल्या मोठ्या गाड्या ‘बिगविंग’ नांवाच्या वेगळ्या दुकानांतून विकते, आणि तीं बहुधा मोठ्या शहरींच असतात; आम्हीं तिची वर एवढी स्तुति केली, तेव्हां हें उणेंहि सांगणें प्राप्त आहे. एन्फील्डनें मे २०२१ मध्यें ठिणगीच्या गुंडाळीतील दोषामुळें मिटीऑर, क्लासिक व बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठीं परत बोलाविल्या, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. आम्हांस तें पटत नाहीं. चूक कळल्यावर उत्तरपत्रिका परत मागवून गुण दुरुस्त करणाऱ्या परीक्षकास कोणी वाईट म्हणत नाहीं.

टांकीचेंहि गणित करून ठेवावें. डॉमिनारची टांकी १३ लिटरांची, मिटीऑर व होंडाची १५, हिमालयनची १७. लिटरास तीस किलोमीटर धरले तर येथून जिंतूर, जालना, छत्रपति संभाजीनगर या वाटेनें त्र्यंबकेश्वराचे सुमारें चारशें किलोमीटर पहिलीला वाटेंत पंप शोधावयास लावतील, हिमालयनला नाहीं. फुग्याची नळी नसलेलें टायर आहे किंवा कसें, हेंहि विचारावें. हिमालयन प्रथम आली तेव्हां तिच्या आऱ्यांच्या चाकांत नळी होती. बिननळीचीं आऱ्यांचीं चाकें नंतर मिळूं लागलीं. भर दुपारीं जिंतूरच्या पुढें पंक्चर झाल्यावर या भेदाचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

एका गोष्टीकडे घरांतील स्त्रियांनींच लक्ष द्यावें. मागच्या चाकाजवळची जाळी, जिला सारेजण साडीगार्ड म्हणतात, ती शोभेस बाधक म्हणून मुलें काढून टाकतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें मागें बसणाऱ्यास धरावयास मूठ, पाय ठेवावयास दांडी आणि चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आवरण असलेंच पाहिजे. पदर किंवा ओढणी आऱ्यांत गेली म्हणजे काय होतें, याच्या बातम्या सर्वांनीं वाचलेल्या आहेत. जाळी काढलेली दिसली तर आईनें गाडीवर बसावयाचें साफ नाकारावें. मुलगा संध्याकाळपर्यंत ती परत लावून आणील. शिरस्त्राणाचा नियमहि १९८८ च्या कायद्यानें दोघांस सारखाच आहे, तरी आमच्याकडे अद्यापि तें पुढच्याच्याच डोक्यावर दिसतें आणि मागचीच्या डोक्यावर पदर. चाक अडकूं न देणारी ब्रेकची योजना मात्र एप्रिल २०१९ पासून सव्वाशें सी. सी. वरील सर्व गाड्यांस सक्तीची झाली आहे, आणि ओल्या काळ्या मातीनें माखलेल्या डांबरावर तिच्याइतकी उपकारक सुधारणा दुसरी नाहीं.

खर्चाच्या बाजूनेंहि सप्टेंबर २०२५ मध्यें मोठा फरक पडला. २२ तारखेपासून साडेतीनशें सी. सी. पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि त्यावरच्या गाड्यांस ४० टक्के झाला. त्यामुळें मिटीऑर व होंडा स्वस्त झाल्या, हिमालयन व डॉमिनार यांच्यावरील कर चढला. आमचा कौल त्यापूर्वींच लहान दोघींकडे झुकला होता: दुकान जवळ असेल तर होंडा, नसेल तर टेकूची मिटीऑर. घरांत चालविणारा एकटाच हिंडणारा असेल तर हिमालयन, आणि नोकरी पुण्यास व घर इकडे, अशा महामार्गाच्या येरझारा असतील तर डॉमिनार.

ठरविण्यापूर्वीं दुकानदाराकडून गाडी तासभर चाचणीस मागून घ्यावी. तो बहुधा मुलास एकट्यासच फेरी मारावयास सांगतो. तें न ऐकतां मागें आईस किंवा काकूस बसवावें, आणि चांगल्या रस्त्यानें जाऊन वाईट रस्त्यानें परत यावें. उतरल्यावर ती ‘छान आहे हो गाडी’ असेंच म्हणेल, कारण मुलाचा हिरमोड तिच्यानें व्हावयाचा नाहीं. म्हणून तिच्या बोलण्याकडे लक्ष न देतां, पाय जमिनीवर टेकतांच तिचा हात कमरेवर जातो कीं पदराकडे, तेवढें पाहून घ्यावें.