जे दिसत नाही, त्याचं ड्रॉइंग

मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे वास्तुरचनाकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधीच आले नाहीत. त्यांनी लंडनमध्ये रेखाटनं केली, ती बोटीने इथे आली आणि त्यांवरून १८७४ मध्ये सभागृह, १८७८ मध्ये टॉवर पुरा झाला. इमारतींच्या ड्रॉइंगचा मागोवा मुंबईपुरता घ्यायचा तर तो इथून सुरू करावा. जो जागेवर नाही त्याने जागेवरच्या माणसाला काय करायचं ते कागदावरून सांगणं, हे या कामाचं मूळ इथे अगदी उघड दिसतं.

त्या काळी ड्रॉइंगचे प्रकार मोजके होते. मजल्याचा प्लॅन, बाहेरून दिसणाऱ्या बाजूंची एलिव्हेशनं, इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते सांगणारा सेक्शन आणि दगडाच्या घडणीसाठी मोठ्या किंवा पूर्ण मापाचे तपशील. उरलेलं काम जागेवरच्यांच्या हाती असे. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांचे पुतळे आहेत. ते घडवले सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ती पागोटी, ते पेहराव, ती उभं राहण्याची ढब इथल्याच माणसाला ठाऊक असणार. ड्रॉइंगने जागा राखून ठेवायची आणि कारागिराने ती भरायची, असा हा व्यवहार होता. मला तो आजच्यापेक्षा उदार वाटतो.

१८७८ मध्ये काम सुरू होऊन १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसमुळे आणखी एक प्रकार लोकांसमोर आला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचं अ‍ॅक्सेल हेग यांनी केलेलं जलरंगातलं पर्स्पेक्टिव्ह प्रसिद्ध आहे. त्यावरून एक दगडही बसवता येणार नाही. ते गवंड्यासाठी नव्हतंच, पैसा आणि परवानगी देणाऱ्यांसाठी होतं. आजच्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातीतली चकचकीत चित्रं याच घराण्यातली. फरक इतकाच की हेग यांच्या चित्रातली इमारत खरोखर तशी उभी राहिली.

ड्रॉइंगच्या नकला आधी हातानेच कराव्या लागत. मूळ कागदावर खळ दिलेलं ट्रेसिंगचं कापड पसरून एकेक रेघ पुन्हा ओढायची. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली निळ्या छपाईची रीत त्या शतकाच्या अखेरीस कचेऱ्यांत रुळली आणि निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांची प्रत थेट बांधकामावर जाऊ लागली. ही प्रत पाण्यात धुवावी लागे, त्यामुळे कागद आटे आणि पट्टी लावून काढलेलं माप चुके. म्हणूनच कागदावर पट्टी लावू नये, लिहिलेला आकडाच खरा मानावा, हा नियम साइटवर इतका पक्का झाला. तेव्हा एका इंचाला आठ फूट हे प्रमाण सर्रास वापरत, म्हणजे १:९६. दशमान पद्धत आल्यावर त्याच्या जागी १:१०० आलं. जुन्या नकाशावर नवी पट्टी ठेवणारा आजही शंभराला चारने चुकतो.

खरा पालट मात्र आरसीसीने, म्हणजे आत सळ्या घातलेल्या काँक्रीटने घडवला. दगडी भिंत आपलं बळ उघड्यावर बाळगते. जाडी मोजा, सांधे पाहा, कमान कशी पेलली आहे ते कळतं. आरसीसीत सगळी मदार सळ्यांवर, आणि काँक्रीट ओतलं की सळ्या दिसेनाशा होतात. कोणत्या बीममध्ये किती सळ्या, कुठे वाकवलेल्या, रिंगा किती अंतरावर, याचा पुरावा पुढे फक्त कागदावर राहतो. म्हणून वास्तुरचनाकाराच्या ड्रॉइंगपासून स्ट्रक्चरल ड्रॉइंग वेगळं झालं आणि त्याच्या जोडीला सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता आला. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी रचलेलं रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये उघडलं, ते आरसीसीचं आणि वातानुकूलित. वडिलांनी दगडात बांधलं, मुलाने काँक्रीटमध्ये. त्या एका पिढीत पाणी, मलनिस्सारण, वीज, थंड हवेच्या वाहिन्या असं भिंतीत आणि छताआड दडणारं बरंच काही वाढलं आणि दडलेल्या प्रत्येक गोष्टीमागे ड्रॉइंगचा नवा प्रकार आला.

दुसरीकडे पालिकेकडे जाणारा मंजुरीचा नकाशा आपली वेगळी वाट चालत होता. निळ्या छपाईनंतर आलेल्या अमोनिया प्रिंटवर हाताने रंग भरायचे: प्रस्तावित काम लाल, पाडायचं ते पिवळ्या रेघांनी, मलनिस्सारण तुटक लाल. कापडावर चिकटवलेल्या प्रती दप्तरी जात. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकाने ती अलगद खरवडणाऱ्या ड्राफ्ट्समनचं कौशल्य फार मोठं होतं आणि त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पण मंजुरीचा हा नकाशा बोले तो नियमांशी: क्षेत्रफळ, उंची, सोडलेली जागा. जागेवर आखणी, म्हणजे लाइनआउट, करणाऱ्या मिस्त्रीला लागतं ते वर्किंग ड्रॉइंग. त्यावर सेंटरलाइन, खिडकीच्या सिलची उंची, जिन्याच्या पायऱ्यांची मापं असतात. हे दोन कागद एकमेकांपासून दूर गेले तसतशी पास झालेल्या आणि बांधलेल्या इमारतीतली फटही रुंदावली.

संगणकावर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलं, आपल्याकडच्या कचेऱ्यांत ते नव्वदच्या दशकात पसरलं. बदल करणं सोपं झालं, म्हणून बदल वाढले. कचेरीत पाचवी सुधारणा तयार आणि काँक्रीटचे साचे उभारणाऱ्या सेंटरिंगवाल्याच्या हातात तिसरी, ही नवी अडचण त्यातून आली.

या सगळ्या प्रवासात एका प्रकाराची हेळसांड झाली. इमारत प्रत्यक्षात जशी बांधली गेली, तशी दाखवणारं ॲज-बिल्ट ड्रॉइंग. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करावी लागते. सोसायटीच्या कपाटात फार तर मंजूर नकाशाची झेरॉक्स सापडते, स्ट्रक्चरल ड्रॉइंग बहुधा नाहीच. मग अभियंते यंत्राने सळ्या शोधतात, कुठे कुठे काँक्रीट फोडून पाहतात आणि पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी नीट काढून ठेवलेलं ड्रॉइंग उलट दिशेने पुन्हा तयार करतात. त्यात पैसा जातो आणि खात्री तरीही पुरती मिळत नाही.

रेरा कायद्याच्या कलम १७ प्रमाणे आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेच्या हवाली करणं ही विकासकाची जबाबदारी आहे. ताबा घेताना लोक टाइल्स आणि नळ बारकाईने तपासतात. त्याच दिवशी पायापासून गच्चीपर्यंतची स्ट्रक्चरल ड्रॉइंग, वाहिन्यांचे नकाशे आणि जागेवर झालेल्या बदलांची नोंद मागून घ्यावी. एक प्रत कागदावर ठेवावी, कारण तीस वर्षांनी आजची फाइल कुठल्या संगणकात उघडेल याचा भरवसा नाही.