ख्रिस्तपुराण: कर्ता ठाऊक, मूळ पोथी कोणती?

आधी बायबल: शुभवर्तमानांचे कर्ते कोण?
- नव्या करारात २७ पुस्तके, भाषा ग्रीक.
- चारही शुभवर्तमानांत लेखक स्वतःचे नाव सांगत नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावे दुसऱ्या शतकात रूढ झाली.
- पौलाच्या नावावर १३ पत्रे. बहुतेक अभ्यासक त्यांतली ७ निःशंकपणे त्याची मानतात.

मराठीतला वाद
- फादर थॉमस स्टीफन्स: इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आले, १६१९ मध्ये निधन.
- त्यांचा ख्रिस्तपुराण हा ग्रंथ ओवीबद्ध, सुमारे ११ हजार ओव्यांचा. पहिला भाग जुन्या करारावर, दुसरा येशूचरित्रावर.
- छपाई रोमन लिपीत: १६१६, १६४९, १६५४. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, हे मोठेच नुकसान. जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवर बेतलेली.
- लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी पोथी मिळाली. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात तीच मूळ असल्याचे मांडले. रोमन लिपीतल्या हस्तलिखितांत पोर्तुगीज-लॅटिन शब्द, तर या पोथीत त्याच जागी बहुधा संस्कृत शब्द. स्टीफन्स यांनी आधी देवनागरीत लिहिले, की कोणी मागाहून संस्कृत वळण दिले, यावर एकमत नाही.

कर्तृत्वाच्या प्रश्नाचे हिंगोली जिल्ह्यातले उदाहरण
नरसी हे संत नामदेवांचे गाव. नामदेवगाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले आहेत, असे अनेक संशोधक मानतात.