फॅमिली डॉक्टर दवाखाना बंद करतात तेव्हा

वयोमानामुळे दवाखाना बंद करत आहोत, अशी पाटी फॅमिली डॉक्टरांनी लावली की आसपासच्या घरांत एकच प्रश्न फिरू लागतो: आता जायचं कुणाकडे? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते, मेडिकलवाल्याचं मत घेतलं जातं, आणि सल्ल्यांना तोटा नसतो. एकाच्या हाताला गुण आहे, दुसऱ्याकडे नंबरच लागत नाही म्हणजे तो चांगलाच असणार, तिसरा तर एमडी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत एमबीबीएस होऊन चाळीत, पेठेत किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत बसलेली डॉक्टरांची पिढी आता थकली आहे. त्यांची मुलं डॉक्टर झाली असली तरी बरेचदा रेडिओलॉजिस्ट किंवा भूलतज्ज्ञ आहेत, नाहीतर परदेशात आहेत. गादी चालवायला मागे कुणी नाही. अशा वेळी सगळ्यांत हुशार डॉक्टर कोण, हा शोध मला फारसा कामाचा वाटत नाही. सर्दी-ताप, बीपी, शुगर यांचं ज्ञान परिसरातल्या आणखी दहा डॉक्टरांना असतं. त्या दहांना तुम्ही माहीत नसता. कोणत्या गोळीनं तुम्हाला पुरळ उठतं, तुमच्या वडिलांना कितव्या वर्षी हार्ट अटॅक आला, दुखणं तुम्ही वाढवून सांगता की दडपता, हे जुन्या डॉक्टरांना न विचारता ठाऊक होतं. तेव्हा नवा डॉक्टर निवडायचा तो अशी ओळख पुन्हा कुणाशी जमू शकेल, हे बघून.

ओळखीला एवढं महत्त्व देणं हा जुन्या काळाबद्दलचा हळवेपणा वाटेल, पण त्यामागे आकडे आहेत. नॉर्वेमध्ये २००१ पासून जवळजवळ प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक ठरावीक डॉक्टर नोंदलेला असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस'मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना त्यात ज्यांना डॉक्टर मिळून एकच वर्ष झालं होतं अशांशी केली होती. दीर्घ ओळखीच्या गटात अवेळी तातडीच्या सेवेकडे धावण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी, तडकाफडकी रुग्णालयात दाखल होण्याची २८ टक्क्यांनी आणि मृत्यूची २५ टक्क्यांनी कमी आढळली. यावर रास्त आक्षेप असा, की जे लोक स्थिर, सुखवस्तू आणि मुळात धडधाकट असतात तेच एका डॉक्टरकडे वर्षानुवर्षं टिकतात. मग श्रेय ओळखीचं की त्यांच्या परिस्थितीचं? संशोधकांनी वय, शिक्षण, जुनाट आजार वगैरेंचा फरक हिशेबात धरला होता, तरीही अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे कबूल करायला हवं. पण दोन गोष्टी मला पटतात. ओळखीची वर्षं वाढतील तसा फायदा पायरीपायरीनं वाढत गेलेला दिसतो. आणि वेगवेगळ्या नऊ देशांतल्या २२ अभ्यासांचा २०१८ साली जो आढावा घेतला गेला, त्यातल्या १८ अभ्यासांचा कौल याच बाजूनं होता. डॉक्टर नुकतेच गमावलेल्यांना त्या नॉर्वेच्या आकड्यांत थोडा दिलासाही आहे: ओळख दोन-तीन वर्षांची झाली तरी फरक दिसू लागतो.

ही ओळख प्रत्यक्षात करते काय? एक नेहमीचं उदाहरण घेऊ. बीपीसाठी ॲम्लोडिपिन नावाची गोळी आपल्याकडे घरोघरी चालते. काही जणांना तिच्यामुळे घोट्यांवर सूज येते, विशेषतः डोस वाढवला की. अनोळखी डॉक्टरसमोर सुजलेले पाय येतात तेव्हा तो किडनी, हृदय, यकृत या क्रमानं विचार करतो, आणि त्यात चूक काही नाही. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात, सूज मात्र असते, म्हणून लघवीची गोळी सुरू होते. त्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही; उलट रात्री दोनदा उठावं लागतं, रक्तातलं सोडियम किंवा पोटॅशियम खाली येतं, थकवा येतो, चक्कर येते. मग चक्करेसाठी तिसरी गोळी. दोन महिन्यांपूर्वी ॲम्लोडिपिन पाचवरून दहावर नेणारा डॉक्टर हाच असता, तर त्यानं पाय पाहताच डोस कमी केला असता किंवा गोळी बदलली असती. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी काहींना सुका खोकला लागतो, त्याचंही हेच. रुग्ण कान-नाक-घसावाल्याकडून छातीच्या डॉक्टरकडे फिरत राहतो, आणि खोकल्याचं कारण घरातल्या गोळ्यांच्या डब्यात असतं.

आता कुणी म्हणेल, मग सरळ स्पेशालिस्टकडेच का जाऊ नये? पैसे आहेत, विमा आहे, हृदयाला हृदयाचा आणि गुडघ्याला गुडघ्याचा डॉक्टर. फॅमिली डॉक्टर गेल्यावर लोक नेमकं हेच करतात, आणि आपल्याकडेच नव्हे. अमेरिकेत मेडिकेअर योजनेतल्या ज्येष्ठांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा डॉक्टर सोडून गेल्यावर प्राथमिक डॉक्टरकडच्या भेटी घटल्या, स्पेशालिस्टकडच्या आणि तातडीच्या दवाखान्यातल्या वाढल्या. आणि ज्यांचा डॉक्टर एकट्यानं दवाखाना चालवत होता त्यांच्यात हा परिणाम जास्त दिसला. आपले बहुतेक फॅमिली डॉक्टर एकटेच दवाखाना चालवतात, हे इथे ध्यानात घ्यावं. स्पेशालिस्टच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण बीपीसाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवीची गोळी, आणि त्यात गुडघ्यासाठी तिसऱ्याच डॉक्टरनं लिहिलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक, हे त्रिकूट साठीपुढच्या माणसाच्या किडनीला महागात पडू शकतं. तीन चिठ्ठ्या तीन जागी लिहिल्या जातात आणि प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. तिन्ही एकत्र वाचणारं कुणीतरी लागतं. शिवाय चक्कर आली तर कानाकडे जायचं, मेंदूकडे की मानेकडे, हे ठरवणं हाच मुळात निदानाचा अर्धा भाग आहे. तो आपण रुग्णावर सोपवतो आणि वर त्याची फीही भरतो.

निवडीकडे वळताना पदवीचा प्रश्न आधी निकालात काढू. महाराष्ट्रात दवाखान्याच्या पाटीवर एमबीबीएस, एमडी, बीएएमएस, बीएचएमएस असं काहीही असू शकतं, आणि शहरातल्या वस्त्यांपासून गावांपर्यंत फॅमिली डॉक्टरकीचा मोठा भार बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर उचलतात. त्यांनी ॲलोपॅथीची औषधं कितपत द्यावीत, होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठीचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम पुरेसा आहे का, यावर संघटनांमध्ये वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. माझं मत विचाराल तर बीपी, शुगर, थायरॉइड अशा जन्माच्या सोबत्यांसाठी निदान एमबीबीएस झालेला डॉक्टर असावा. 'फॅमिली मेडिसिन'मध्ये डीएनबी किंवा एमडी केलेला भेटला तर उत्तमच, कारण त्याचं शिक्षणच या कामाचं असतं, पण असे डॉक्टर अजून मोजकेच आहेत. नोंदणी क्रमांक मात्र पाहावाच. दवाखान्यात तो लावणं आणि चिठ्ठीवर छापणं वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ सालच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या कौन्सिल वेगळ्या आहेत. पदवी आणि नोंदणी हा उंबरठा. त्याच्या आत आलेल्यांमधून निवड करायची ती दुसऱ्याच गोष्टी पाहून.

पहिली गोष्ट म्हणजे वय, आणि ती बोलायला लोक उगाच संकोचतात. पंच्याहत्तरीचे डॉक्टर गेले म्हणून अडुसष्ट वर्षांच्या डॉक्टरांकडे जाणं म्हणजे पाच-सात वर्षांनी पुन्हा याच प्रश्नाशी येणं. अनुभवी माणसावर विश्वास चटकन बसतो हे खरं, पण चाळिशी-पंचेचाळिशीतला डॉक्टर तुमच्या म्हातारपणापर्यंत पुरेल. दुसरं, तो तिथे स्वतः बसतो का? साखळी दवाखान्यांत आणि पॉलिक्लिनिकमध्ये खोली छान, एसी गार, ॲपवर नंबर मिळतो, पण दर खेपेला खुर्चीत नवा चेहरा असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसरं, तो लिहून ठेवतो का? केस पेपर असो की कॉम्प्युटर, मागच्या खेपेला काय झालं होतं हे त्यानं उघडून पाहिलं, तर अर्धी परीक्षा तो पास झाला. आणि तो पुढे पाठवतो कसा, हे नीट पाहावं. तपासणी कोणत्याही चांगल्या लॅबमध्ये करा म्हणतो की एकाच लॅबची चिठ्ठी हातात देतो? स्पेशालिस्टकडे पाठवताना चार ओळी लिहून देतो की नुसतं नाव सांगतो? कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कमिशन घेणं, ही अफवा नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांच्याच मुलाखती घेऊन ती उजेडात आणली. २०१७ साली राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. हे सगळं पारखायचं तर अंगात १०३ ताप असताना जमत नाही. म्हणून पहिली भेट बरं असताना घ्यावी, बीपी मोजायला किंवा वार्षिक तपासणीचे रिपोर्ट दाखवायला, आणि मोकळेपणानं विचारावं: "डॉक्टर, रविवारी किंवा रात्री काही झालं तर फोन करू का? तुम्ही गावाला गेलात तर कुणाकडे जायचं?" या प्रश्नावर चिडणारा डॉक्टर पुढेही चिडणारच.

याआधी एक काम जुन्या डॉक्टरांकडे उरकायचं असतं, आणि बहुतेकांचं ते राहून जातं. मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असं २००२ चे नियम सांगतात, पण तीन वर्षं नोंदी जपण्याचं बंधन त्यांत दाखल रुग्णांपुरतं आहे. गल्लीतल्या दवाखान्यातले बाह्यरुग्णांचे केस पेपर शटर पडल्यावर रद्दीत जाऊ शकतात, आणि कित्येक डॉक्टरांची खरी नोंदवही त्यांच्या डोक्यातच असते. तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट न पाहता जाऊन बसावं आणि एक पान लिहून मागावं: कोणते आजार, कधीपासून, आत्ताची औषधं, डोससकट, कोणतं औषध बंद केलं आणि का, कशाची ॲलर्जी, शस्त्रक्रिया, घराण्यातले आजार. यांत 'का बंद केलं' ही ओळ सगळ्यांत मोलाची, कारण रिपोर्टच्या कोणत्याही फाइलमध्ये ती सापडत नाही. सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ आकडी आभा क्रमांक काढून रिपोर्ट त्याला जोडता येतात आणि जोडावेतही, पण ही ओळ कुणी टाकली तरच तिथे येणार.

जुन्या ओळखीचं इतकं गुणगान केल्यावर तिची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ओळखीबरोबर सवयही लागते. रोज दिसणाऱ्या माणसाचं वजन घटलेलं घरच्यांच्या लक्षात येत नाही, तसं डॉक्टरचंही होतं. "यांची ॲसिडिटी जुनीच" म्हणून पित्ताची गोळी दहा वर्षं चालू राहते. डेन्मार्कमध्ये दवाखाने बंद पडल्यानंतर रुग्णांचं काय झालं याचा अभ्यास झाला, तेव्हा नव्या डॉक्टरांकडे गेलेल्यांपैकी काहींना आधी सुटून गेलेल्या बीपी, कोलेस्टेरॉलसारख्या तक्रारींवर औषध सुरू झालेलं दिसलं. ताज्या नजरेचा हा फायदा घ्यावा. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामकांसकट, पिशवीत घालून पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत टेबलावर मांडाव्यात आणि यांतली कोणती आता लागत नाही, हे विचारावं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. ते कधी तपासलंय का, असला साधा प्रश्न अशाच वेळी निघतो. दर खेपेला "आमचे जुने डॉक्टर तर एका इंजेक्शनात बरं करायचे" हे ऐकवलं, तर नवा डॉक्टर एक तर दबेल आणि इंजेक्शन देईल, किंवा दुरावेल.

सगळ्यांत कठीण आक्षेप उरतो तो हा, की अशी निवड करायला निवड हातात असावी लागते. गावात एकच दवाखाना आणि बारा किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, तर वय, लॅब, रविवारचा फोन या चर्चेला अर्थ नाही. आणि आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी बदलीनं किंवा पुढच्या शिक्षणासाठी जातातच. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना'त औषधं आणि बऱ्याच तपासण्या मोफत मिळतात, पण खुर्चीतला डॉक्टर तोच राहील याची हमी नाही. नॉर्वेत ही जबाबदारी सरकारनं घेतली आहे. आपल्याकडे ती घ्यायला हवी, ही मागणी मतदार म्हणून करावीच. तोवर अशा ठिकाणी ओळख डॉक्टरऐवजी दुसरीकडे जुळवावी लागते. आरोग्यसेविका आणि आशाताई डॉक्टरांइतक्या भराभर बदलत नाहीत; आशाताई तर त्याच गावातली असते, घरात कुणाला काय आहे हे तिला ठाऊक असतं. ते एका पानाचं टिपण तिलाही दाखवून ठेवावं, वहीत चिकटवून प्रत्येक खेपेला सोबत न्यावं, आणि नव्या डॉक्टरनं औषध बदललं तर त्याच वहीत तारखेसह लिहून मागावं.