गिरणी, गाळा आणि विमा : जोडधंद्याची जोखीम कशी सांभाळाल?



ठाणे जिल्ह्यात आता केवळ शेतीवर चालणारी घरे थोडी राहिली. कोणी गावात भाताची गिरणी टाकली, कोणी कुक्कुटपालन सुरू केले, तर कोणाच्या मुलाने शहरात गाळा घेऊन घरचा तांदूळ, कडधान्ये, पापड-मसाले विकायला सुरुवात केली. पिकाचा विमा आपण बहुतेक जण जाणतो. परंतु भात झोडून, वाळवून गिरणीत किंवा दुकानात आले की पीक विम्याचा संबंध संपतो. त्यानंतर ते पीक राहत नाही, व्यापाराचा माल होतो. त्याला आग लागली, पुराचे पाणी लागले तर पीक विम्यातून काही मिळत नाही. त्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. तो कसा करावा, हे या लेखात पाहू.

एक उदाहरण

समजा, मुरबाड तालुक्यातील एका कुटुंबाची गावी भाताची गिरणी आहे आणि ठाण्यात नौपाड्यात तळमजल्यावर भाड्याचा गाळा आहे. स्टेशनपासून जवळ, गोखले रोड व राम मारुती रोडची वर्दळ, म्हणून गिऱ्हाईक चांगले. दिवाळीच्या तोंडावर गाळ्यात वाडा कोलम, डाळी, मसाले असा आठ लाखांचा माल असतो, पावसाळ्यात चार लाखांचा. नौपाड्यातील चिखलवाडीसारख्या सखल भागात जोराच्या पावसात पाणी साचते, हे तेथील जुन्या दुकानदारांना चांगले ठाऊक आहे. या कुटुंबाने विमा घ्यावा का, कशाचा घ्यावा आणि किती रकमेचा घ्यावा?

आधी धोके लिहून काढा

विमा प्रतिनिधीकडे जाण्यापूर्वी घरच्या माणसांनी एकत्र बसून वहीत तीन रकाने आखावेत : काय बिघडू शकते, कितीदा बिघडते आणि बिघडले तर किती रुपये जातात.

उंदीर, पोरकिडे, फाटलेली पोती, थोडी उधारी बुडणे हे दरवर्षीचे नुकसान आहे. ते लहान असते व मोजता येते. ओलावा व किडीने हळूहळू होणारी खराबी आग-पुराच्या विम्यात बसतही नाही. तिच्यावर उपाय म्हणजे धान्य नीट वाळवणे, भिंतीपासून अंतर सोडून लाकडी फळ्यांवर थप्पी लावणे आणि नफ्यातून थोडी रक्कम बाजूला टाकणे.

आग, महापूर, गिरणीवर झाड पडणे, पट्ट्यात कामगाराचा हात जाणे या गोष्टी क्वचित घडतात. पण घडल्या तर भांडवल एका दिवसात जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. जे नुकसान आपल्याला सोसवेल ते स्वतः सोसावे आणि जे घर बसवील त्याचा विमा उतरवावा, हे सूत्र मनाशी पक्के धरावे.

'आमच्याकडे कधी पाणी आले नाही' हे कारण पुरेसे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात उल्हास व वालधुनी नद्यांचे पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तळमजल्यावरच्या दुकानदाराचा माल अशा वेळी पाहता पाहता पाण्याखाली जातो.

कोणता विमा?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने लहान उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. एका ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेचे एकूण मूल्य पाच कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते. गिरणी, गोदाम, दुकान तिच्यात बसतात. आग, वीज पडणे, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल यांमुळे होणारे नुकसान तिच्यात येते. प्रमाणित असल्याने मूळ अटी सर्व कंपन्यांच्या सारख्याच असतात. म्हणून दोन-तीन ठिकाणी हप्ता विचारून तुलना करणे सोपे जाते.

मात्र या एका पॉलिसीत सर्व काही येत नाही. पुढील गोष्टी वेगळ्या पाहाव्यात :

१. चोरी : आग-पुराच्या गोंधळात लगेच झालेली चोरी या पॉलिसीत येते. एरवी कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो.

२. गिरणीची मोटर : शॉर्ट सर्किटने लागलेली आग पसरून इतर माल जळाला तर भरपाई मिळते. ज्या मोटरमध्ये बिघाड झाला ती मोटर मात्र वगळलेली असते. तिच्यासाठी यंत्र-बिघाडाचा विमा घ्यावा.

३. वाटेतला माल : मुरबाडहून टेंपोने ठाण्याला येणारा तांदूळ गाडीच्या विम्यात येत नाही. वारंवार वाहतूक असेल तर माल-वाहतूक विमा घ्यावा.

४. कामगार : कामावर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी १९२३ सालच्या कायद्यापासून मालकावर आहे. एक-दोन माणसे कामावर असली तरी ही जोखीम विसरू नये.

५. धंदा चालवणारा माणूस : बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. ते घरातील प्रत्येक कमावत्या व्यक्तीने घ्यावे.

गाळा भाड्याचा किंवा पागडीचा असेल तर इमारतीचा विमा हा मालकाचा विषय आहे. आपण मालाचा, फर्निचरचा व यंत्रांचा विमा घ्यावा. मालक विमा घेतो म्हणून आपला माल सुरक्षित आहे, असे समजू नये.

रक्कम कमी दाखवू नका

सर्वांत जास्त फसगत येथे होते. हप्ता वाचावा म्हणून आठ लाखांच्या मालाचा विमा चार लाखांचा उतरवला जातो. 'सगळा माल थोडाच जाणार आहे', असा हिशेब त्यामागे असतो. पण विम्याचा हिशेब तसा चालत नाही.

नौपाड्याच्या आपल्या गाळ्यात आठ लाखांचा माल असताना विमा चार लाखांचा आहे, आणि पाण्याने तीन लाखांचा माल खराब झाला, असे धरू. नुकसान चार लाखांच्या आत आहे, म्हणून तीन लाख मिळतील असे वाटते. प्रत्यक्षात विमा निम्म्या किमतीचा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे दीड लाख मिळते. त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट जाते. उरलेला दीड लाख आपला गेला.

वर सांगितलेल्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट धरली जात नाही. म्हणजे आठ लाखांच्या मालाला सात लाखांचा विमा असेल तर कपात होत नाही. म्हणून वर्षातील सर्वांत जास्त माल ज्या महिन्यात असतो, त्या महिन्याची किंमत धरून रक्कम ठरवावी. यंत्राची रक्कम ठरवताना दहा वर्षांपूर्वीची खरेदी-किंमत न धरता आज तसेच नवे यंत्र घ्यायला काय पडेल ते धरावे.

कर्ज असल्यास बँक विमा उतरवते. तो किती रकमेचा, कोणत्या पत्त्यावरच्या मालाचा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे पॉलिसीची प्रत मागून पाहावे. विमा गिरणीच्या पत्त्यावर आणि माल नौपाड्यात, असे असेल तर दाव्याच्या वेळी अडचण येते.

लक्षात ठेवण्याच्या सूचना

• हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. धनादेश वटला की नाही ते पाहावे. नूतनीकरणाची तारीख पावसाळ्यापूर्वी भिंतीवर लिहून ठेवावी.

• हंगाम संपल्यावर गिरणी महिन्याहून अधिक बंद राहणार असेल तर कंपनीला लेखी कळवावे.

• खरेदीची बिले, मालाची नोंदवही व पॉलिसीची एक प्रत दुकानात न ठेवता घरी ठेवावी. पाण्यात वही गेली तर माल होता हे सिद्ध करणे कठीण जाते.

• नुकसान होताच कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्यावा. भिजलेला व चांगला माल वेगळा करावा, छायाचित्रे काढावीत. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी खराब माल फेकून देऊ नये.

• महसूल खात्याचा पंचनामाही करून घ्यावा. पण सरकारी मदत व विम्याची भरपाई या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या भरवशावर दुसरी सोडू नये.

• दावा नाकारला गेला किंवा भरपाई कमी वाटली तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. एकट्या मालकीचे धंदे व सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी तेथे घेतल्या जातात. त्यासाठी शुल्क लागत नाही.

विम्याने पाऊस थांबत नाही. म्हणून गाळ्यात खालची दोन फूट जागा पावसाळ्यात रिकामी ठेवणे, गिरणीतील तुसाचा ढीग रोज बाहेर काढणे आणि जुनी वायर बदलणे ही कामे आधी करावीत. एवढे करूनही जी जोखीम उरते, तिचा खऱ्या रकमेचा विमा उतरवावा. येत्या मे महिन्यात बी-बियाण्याची यादी कराल, तेव्हाच गिरणीतील व गाळ्यातील मालाचीही यादी करावी आणि पॉलिसी काढून त्या यादीशी ताडून पाहावी. पावसाळा तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे केव्हाही हिताचे ठरेल.