बोलायला वेळ द्या

बोलणे आपल्याला अगदी सोपे वाटते. पण 'पाकीट' हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. आधी ओठ मिटतात व उघडतात. मग जिभेचा मागचा भाग वर टेकतो. शेवटी जिभेचे टोक वर वळते. या हालचालींचा क्रम मेंदू ठरवतो.

काही मुलांच्या मेंदूला हा क्रम नीट लावता येत नाही. त्यांच्या जिभेत ताकद असते. काय बोलायचे, हेही त्यांना ठाऊक असते. पण शब्द तोंडातून नीट बाहेर पडत नाही. 'पाकीट' म्हणताना कधी 'पातीक' होते, तर कधी 'काकीट'. शब्द लांब असला की अडचण वाढते. या दोषाला 'अॅप्रॅक्सिया' म्हणतात.

हा आळस नव्हे आणि हट्टही नव्हे. पण इतर मुले हसली, की असे मूल गप्प राहू लागते. येत असलेले उत्तरही ते देत नाही. मग सर्वांना वाटते, याला काहीच येत नाही. हा गैरसमज फार नुकसान करतो.

या दोषावर वाचा-उपचार तज्ज्ञ मदत करतात. ते मुलाकडून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. घरीही रोज थोडा थोडा सराव करावा लागतो. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. 1983 साली स्थापन झालेल्या या संस्थेत वाणी आणि श्रवण यांच्या दोषांवर उपचार होतात.

तज्ज्ञांची भेट थोडा वेळच होते. शाळेत मात्र मूल रोज कित्येक तास असते. म्हणून वर्गमित्रांची मदत मोलाची आहे. त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. 'लवकर बोल' असे म्हणू नये. समजले नाही, तर समजल्याचे सोंग करू नये. 'पुन्हा सांगतोस का?' असे विचारावे. हजेरीच्या वेळी त्याने हात वर केला तरी चालेल. 'पाणी हवे', 'पोट दुखते', 'समजले नाही' अशा चित्रांचा तक्ता त्याच्या वहीत चिकटवावा. चित्रे दाखवल्याने बोलण्याची सवय मोडत नाही. उलट मुलाला धीर येतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोषाचाही समावेश आहे. परीक्षेत जास्त वेळ देण्यासारख्या सवलतींची तरतूद त्यात आहे. परीक्षेतला वेळ कायदा देईल. मधल्या सुट्टीत त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे मात्र आपल्याच हाती आहे.